मागे चालायला शिकताना : नव्या शिष्यासाठी पहिले काही महिने

दृढीकरणाचा, म्हणजे बाप्तिस्म्यातला विश्वास स्वतःच्या तोंडाने पक्का करण्याचा, विधी झाला, बिशपसाहेबांनी डोक्यावर हात ठेवला, मंडळीने हार घातले, घरी पुरणपोळीचं जेवण झालं. रविवार छान गेला. सोमवारी सकाळी मात्र कळेना, आता करायचं काय? आमच्या मंडळीत मी गेली अठरा वर्षं दृढीकरणाचा वर्ग घेतो आणि दरवर्षी कुणी ना कुणी आठवड्याभराने येऊन हळू आवाजात हेच विचारतं. काही जण चाळिशी ओलांडलेले असतात. लहानपणी बाप्तिस्मा झालेला, मधली वीस-पंचवीस वर्षं नाताळ आणि ईस्टरपुरतं देऊळ, आणि आता आत काहीतरी हललेलं. काही जण ख्रिस्ती घरातले नसतातच. येशूची गोष्ट कुठेतरी वाचून ओढले गेलेले असतात. हे सगळं त्यांच्यासाठी लिहितो आहे.

बहुतेक जण येतात ते स्वतःला सुधारायला. राग आवरत नाही, मोबाइल सुटत नाही, बायकोशी नीट बोलणं होत नाही, खोटं सहज तोंडातून जातं. ही तळमळ चांगलीच आहे, तिच्यापासूनच सुरुवात होते. पण गालीलाच्या किनाऱ्यावर येशूने कोळ्यांना हाक मारली तेव्हा त्यांच्या हातात सुधारणेची यादी दिली नव्हती. माझ्यामागे या, म्हणाला. पुढचं 'मी तुम्हांला करीन' हे काम त्याने स्वतःकडे ठेवलं (मार्काचं शुभवर्तमान, अध्याय १, वचन १७; पुढे थोडक्यात असंच लिहितो). माणूस बदलतो, पण मागे चालता चालता बदलतो, आणि बदलण्याचं सगळं ओझं त्याच्या एकट्याच्या खांद्यावर नसतं. एवढं एक लक्षात राहिलं तरी पुढच्या पायऱ्या सोप्या जातील.

आणखी एक. पवित्र शास्त्राच्या, म्हणजे बायबलच्या, नव्या करारात (येशू आणि त्याच्या पहिल्या शिष्यांविषयीच्या भागात) 'ख्रिस्ती' हा शब्द फक्त तीन वेळा येतो. 'शिष्य' हा शब्द अडीचशेहून अधिक वेळा येतो. अंत्युखिया शहरातल्या लोकांनी शिष्यांना ख्रिस्ती म्हणायला सुरुवात केली, म्हणजे आधी शिष्य होते, नाव मागून आलं. शिष्य म्हणजे शिकणारा. शिकणाऱ्याचं चुकणार, हे त्या शब्दातच धरलेलं आहे.

पहिली पायरी : पंधरा मिनिटं आणि एक जागा

पहाटे चारला उठून तासभर गुडघे टेकायचे, असं पहिल्याच दिवशी ठरवू नका. मी ते केलं होतं. तिसऱ्या दिवशी गजर बंद केला आणि पुढचे सहा महिने पवित्र शास्त्र कपाटात राहिलं. पंधरा मिनिटं पुरेत, पण रोज, आणि शक्यतो एकाच जागी. कफर्णहूमात एका संध्याकाळी सगळं गाव दाराशी लोटलं होतं. दुसऱ्या दिवशी अंधार असतानाच येशू उठून एकांतात प्रार्थनेला गेला (मार्क १:३५). म्हणून सकाळ उत्तम. पण सकाळ सगळ्यांची सारखी नसते. आमच्या वर्गातल्या एका नर्सताईंनी रात्रपाळी उतरल्यावर बसथांब्यावरची पंधरा मिनिटं धरली. त्यांचं वाचन आमच्या सगळ्यांपेक्षा नियमित झालं.

पवित्र शास्त्र छापील घ्या. मोबाइलमध्ये वाचता येतं, प्रवासात उपयोगी पडतं, पण सुरुवातीला नको; एक संदेश आला की पंधरा मिनिटं गेलीच. बायबल सोसायटीच्या जुन्या भाषांतराची मराठी भारदस्त आहे. 'नीतिमत्त्व', 'तारण', 'अभिवचन' असे शब्द अडतील. तेव्हा सोप्या मराठीतलं दुसरं भाषांतर शेजारी ठेवा. कॅथलिक बायबलमध्ये ७३ पुस्तकं असतात, प्रोटेस्टंट बायबलमध्ये ६६. त्याची चिंता नको, आपण जे पुस्तक घेणार आहोत ते दोन्हींत सारखंच आहे. सोबत शंभर पानी साधी वही. महागडी डायरी घेऊ नका, तिच्यात चुका लिहायला हात धजत नाही.

दुसरी पायरी : मार्क, हळूहळू

येशूचं जीवन सांगणाऱ्या चार पुस्तकांना शुभवर्तमानं म्हणतात : मत्तय, मार्क, लूक, योहान. त्यांपैकी मार्काचं सगळ्यांत लहान. सोळा अध्याय. रोज अर्धा अध्याय वाचला तर महिनाभरात होतं. पवित्र शास्त्राच्या पहिल्या पुस्तकापासून, उत्पत्तीपासून, सुरू करणारे उत्साही लोक नियमांनी भरलेल्या लेवीय या तिसऱ्या पुस्तकापर्यंत पोचतात आणि तिथे थांबतात. मागाहून अवश्य वाचा, आत्ता नको.

मोठ्याने वाचा. ही पुस्तकं मुळात ऐकण्यासाठी लिहिलेली आहेत आणि मार्काची चाल तर धावती आहे, 'लगेच', 'तत्काळ' असे शब्द सारखे येतात. वाचून झालं की वहीत तीन ओळी: येशूने काय केलं, शिष्यांचं काय झालं, आणि मला कुठे थबकायला झालं. थबकलात तर पुढे जाऊ नका. नारायण वामन टिळकांची गोष्ट ठाऊक असेल. राजनांदगावला जाताना आगगाडीत एका युरोपियन सहप्रवाशाने त्यांच्या हाती नवा करार ठेवला. वाचता वाचता ते डोंगरावरच्या प्रवचनापाशी आले आणि तिथेच अडकले. १८९५ साली त्यांचा बाप्तिस्मा झाला, पण त्याचं मूळ त्या अडकण्यात होतं.

कसं वाचायचं, ते एका उताऱ्यावर दाखवतो. आठवा अध्याय, २२ ते २६ ओवी (आमच्याकडे वचनांनाही जुनी माणसं ओवीच म्हणत). बेथसैदात एका आंधळ्याला येशूकडे आणतात. येशू त्याचा हात धरून त्याला गावाबाहेर नेतो. इथे थांबा. आंधळा माणूस अनोळखी हात धरून चालतो आहे. किती अंतर, कुठे, काही माहीत नाही. मग येशू त्याच्या डोळ्यांना थुंकी लावतो, हात ठेवतो आणि विचारतो, काही दिसतं का? माणूस खरं सांगतो. माणसं दिसतात, पण झाडांसारखी, चालणारी. येशू पुन्हा डोळ्यांवर हात ठेवतो. आता सगळं स्पष्ट.

येशूने दोन टप्प्यांत बरं केल्याची ही एकमेव गोष्ट आहे आणि ती फक्त मार्कात आहे. पुढच्याच परिच्छेदात येशूचा शिष्य पेत्र म्हणतो, तू ख्रिस्त आहेस. बरोबर उत्तर. आणि लगेच येशू दुःख सोसण्याचं बोलतो तेव्हा तोच पेत्र त्याला बाजूला घेऊन दटावतो. पेत्रालाही दिसू लागलं होतं, पण झाडांसारखं. पुढे आणखी दोनदा येशू आपल्या मरणाविषयी सांगतो. एकदा शिष्य आपल्यात मोठा कोण यावर वाद घालतात. दुसऱ्यांदा याकोब आणि योहान उजव्या-डाव्या हाताची आसनं मागतात. आणि हा सगळा भाग संपतो तो दुसऱ्या एका आंधळ्यापाशी, बार्तीमयापाशी, ज्याला दृष्टी येते आणि जो वाटेने येशूच्या मागे चालू लागतो.

हे पहिल्यांदा लक्षात आलं तेव्हा मी वहीत फक्त एवढं लिहिलं होतं : 'मला माणसं झाडांसारखी दिसतात. निदान हे सांगता येईल.' त्या दिवशीची माझी प्रार्थना तीच होती. अर्धवट दिसतंय म्हणून तो माणूस पळून गेला नाही आणि सगळं दिसतंय असं खोटंही बोलला नाही. नव्या माणसाने वाचनानंतर एवढंच करावं, जे दिसतं ते खरं सांगावं आणि प्रभूची प्रार्थना ('हे आमच्या स्वर्गातील पित्या') सावकाश म्हणावी. लांबलचक शब्द मागाहून येतात. नाही आले तरी चालतं.

तिसरी पायरी : रात्रीची उजळणी

स्पेनचा एक सरदार १५२१ साली पांप्लोनाच्या लढाईत तोफगोळ्याने जखमी झाला. पाय मोडलेला, महिनोन्‌महिने अंथरुणावर. करमणुकीला शौर्याच्या कादंबऱ्या मागितल्या. घरात होतं फक्त ख्रिस्ताचं आणि संतांचं चरित्र. तेच वाचत पडला. पडल्या पडल्या त्याला एक जाणवलं : पराक्रमाची दिवास्वप्नं पाहताना मजा येते, पण नंतर मन कोरडं पडतं, संतांसारखं जगायची स्वप्नं पाहिली की नंतरही मन प्रसन्न राहतं. आपल्या मनाच्या चढउतारांकडे असं लक्ष देणारा हा माणूस म्हणजे संत इग्नेशियस लोयोला. पुढे त्यांनी येशू संघ स्थापला, आणि दिवसाची उजळणी करायची त्यांची रीत आजही जगभर चालते. मी प्रोटेस्टंट आहे, तरी ती बिनधास्त वापरतो. चांगलं औजार शेजारच्याचं असलं म्हणून काय झालं.

रात्री झोपण्यापूर्वी दहा मिनिटं. आधी देवाचे आभार, आणि तेही नेमके : 'आजच्या दिवसाबद्दल' असं मोघम नको, 'दुपारी लाइट गेली तेव्हा शेजारच्या काकूंनी लेकराला आपल्याकडे झोपवलं, त्याबद्दल' असं. मग प्रकाश मागा. १३९ व्या स्तोत्राच्या शेवटी कवी देवाला म्हणतो, माझी झडती घे. झडती देवाने घ्यायची आहे, हे विसरू नका. आपणच आपली झडती घ्यायला बसलो की एक तर सगळं माफ करून टाकतो किंवा स्वतःला झोडपत बसतो. त्यानंतर सकाळपासूनचा दिवस डोळ्यांसमोरून जाऊ द्या. कुठे मन मोकळं होतं, कुठे आवळलं? जे चुकलं त्याची क्षमा मागा. शेवटी उद्याच्या एखाद्या प्रसंगासाठी मदत मागा, ज्याची धास्ती वाटते त्याच्यासाठी.

आभारांची जागा पहिली आहे. ती गाळू नका. आमच्या वर्गातला एक मुलगा रोज थेट चुकांपासून सुरू करायचा; महिन्याभरात त्याला रात्र नकोशी वाटू लागली.

चौथी पायरी : एका वेळी एकच काडी

इथे जरा बागेत चला. निफाडच्या बाजूला आमची दीड एकर द्राक्षबाग होती, थॉमसनची. द्राक्षवेलाची छाटणी वर्षातून दोनदा होते हे नाशिककडच्या माणसाला सांगायला नको, इतरांसाठी सांगतो. एप्रिलमध्ये खरड छाटणी. माल निघून गेलेला असतो, मांडव हिरवागार असतो, आणि त्या सगळ्या काड्या आखूड कापून टाकायच्या. दुसऱ्या दिवशी बाग बघवत नाही. वर नुसत्या तारा, खाली खोडं आणि ओलांडे (खोडाच्या आडव्या फांद्या), कापल्या जागेतून थेंब थेंब पाणी. लहानपणी मला वाटायचं की वडिलांनी बाग मारली. मग उन्हाळ्यात नव्या काड्या फुटतात आणि त्या काड्यांच्या डोळ्यांमध्ये, म्हणजे कोंबांमध्ये, बाहेरून काहीही दिसत नसताना, पुढच्या हंगामाचे घड तयार होतात. ऑक्टोबरात गोडी छाटणी होते. तेव्हा ते डोळे फुटतात, घड बाहेर येतात आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये माल निघतो. म्हणजे मार्चमध्ये पाटीत आलेला घड आदल्या वर्षीच्या मे-जूनमध्ये ठरलेला असतो.

योहानाच्या १५ व्या अध्यायात येशू म्हणतो की मी खरा द्राक्षवेल, माझा पिता माळी. आणि एक बारीक गोष्ट सांगतो : जो फाटा फळ देतो त्यालाच माळी छाटतो, अधिक फळ यावं म्हणून. आपल्याला उलटं वाटतं. चांगलं चाललेलं असताना काही कापलं गेलं की आपण म्हणतो, देव रागावला. नोकरीतली बढती हुकली, मोठेपणा मिळवून देणारं पद गेलं, ज्याच्यावर आपली भिस्त होती ती सवय सुटली. प्रत्येक दुःख छाटणीच असतं असं मी म्हणत नाही. कुणाच्या घरात मरण झालं असताना हा दृष्टांत सांगायला जाऊ नये. पण काही कापणी ही माळ्याच्या हातची असते आणि तिचं फळ दिसायला दहा महिने लागतात.

आता करायचं काय? एकच दोष निवडा. सगळे एकदम घेऊ नका. तो इतका नेमका असू द्या की मोजता येईल. 'मी चिडका आहे' हे मोजता येत नाही. 'मुलीचा गृहपाठ घेताना मी ओरडतो' हे येतं. इग्नेशियस यांनी यासाठी एक अगदी साधी युक्ती सांगितली आहे. कागदावर आठवड्याच्या प्रत्येक दिवसासाठी रेघ ओढायची आणि जितक्या वेळा घसरलो तितके ठिपके त्या रेघेवर द्यायचे. घसरल्या क्षणी छातीवर हात ठेवायचा. बाजूच्यालाही कळत नाही, आपल्याला मात्र कळतं. मग दिवसाशी दिवस, आठवड्याशी आठवडा ताडून पाहायचा.

मी हे रागासाठी केलं. पहिल्या आठवड्यात ठिपके सदतीस होते. दुसऱ्या आठवड्यात एकेचाळीस! निराश झालो. मग लक्षात आलं की राग वाढला नव्हता, दिसू लागला होता. त्याच वेळी आणखी एक दिसलं : बरेचसे ठिपके संध्याकाळी सहा ते सात या तासात होते. शाळेतून येऊन मी पोटात काही न घालता मुलांच्या वह्या घेऊन बसत होतो. माझ्या पापाचा एक भाग निव्वळ भूक होती. दोन भाकरी आणि दहा मिनिटं अंगणात बसणं यांनी निम्मे ठिपके गेले. उरलेले मात्र खरे होते, आणि त्यांच्यासाठी गुडघे टेकावे लागले.

याच ठिकाणी नव्या करारातल्या, प्रेषित पौलाच्या गलतीकरांस पत्राचा पाचवा अध्याय वाचा. आत्म्याच्या फळात नऊ गोष्टी आहेत : प्रीती, आनंद, शांती, सहनशीलता, ममता, चांगुलपणा, विश्वासूपणा, सौम्यता, इंद्रियदमन. पौलाने देहाची 'कर्मे' असं अनेकवचन वापरलं आहे, पण 'फळ' मात्र एकवचनी. नऊ वेगळी फळं नव्हेत, एकच घड आहे. एक मणी भरू लागला की शेजारचेही भरतात. रागाच्या रेघांवर ठिपके कमी होऊ लागले, तेव्हा मुलगी मला शाळेतल्या गोष्टी सांगू लागली. त्याची मी वहीत नोंद ठेवली नव्हती, तसा प्रयत्नही केला नव्हता.

पाचवी पायरी : जिथे बिघडलं तिथे जाऊन या

वही आणि प्रार्थना यांनी एक काम होत नाही. ज्याचं आपण बिघडवलं आहे त्याच्या दारात जावंच लागतं. मत्तय ५:२३-२४ मध्ये येशू सांगतो : अर्पण घेऊन वेदीजवळ आलास आणि भावाच्या मनात तुझ्याविषयी काही आहे हे आठवलं, तर अर्पण तिथेच ठेव, आधी जा. 'तुझ्या मनात भावाविषयी' असं नाही. 'भावाच्या मनात तुझ्याविषयी'. येशू घरी आला तेव्हा जक्कय या जकातदाराने तर हिशेबच मांडला : अर्धी मालमत्ता गरिबांना आणि ज्याला लुबाडलं त्याला चौपट.

माझ्या थोरल्या भावाशी माझं चार वर्षं बोलणं नव्हतं. बांधावरून. हातभर रुंदीचा बांध, आणि मी चारचौघांत त्याला नको ते बोललो होतो. बांध कुणाचा याबद्दल आजही माझं मत बदललेलं नाही, पण ते शब्द माझे होते. शुभ शुक्रवारच्या आदल्या दिवशी गेलो. तो ठिबकच्या नळ्या जोडत बसला होता. मी म्हणालो, "दादा, त्या दिवशी चावडीपुढे मी तुला जे बोललो ते चुकीचं होतं. मला माफ कर." त्याने वर पाहिलं नाही. थोड्या वेळाने म्हणाला, "ही नळी धर." तासभर नळ्या धरल्या. त्या दिवशी एवढंच झालं. बोलणं सुरू व्हायला पावसाळा उजाडला.

माफी मागताना काही गोष्टी सांभाळा. नेमकं काय चुकलं ते नावानिशी सांगा. 'तुला वाईट वाटलं असेल तर' असं म्हणू नका. 'पण तूही' हे दोन शब्द गिळा. समोरच्याने लगेच माफ करावं अशी अपेक्षा धरू नका, तो त्याचा वेळ आहे. पैशाचं नुकसान केलं असेल तर पैसे घेऊनच जा. आणि एक अपवाद : ज्याने तुमच्यावर हात उचलला, छळ केला, त्याच्या दारात एकट्याने जायला हे वचन सांगत नाही. आधी सुरक्षित जागा, विश्वासाची माणसं. क्षमा मनात पुढे कधीतरी होईल, पण तिच्यासाठी पुन्हा मार खायला जाणं हे शिष्यत्व नव्हे.

सहावी पायरी : एकट्याने चालू नका

रविवारची उपासना चुकवू नका, कंटाळवाणी असली तरी. प्रवचन कधी पोचतं, कधी नाही. पण शेजारच्या बाकावरच्या आजींचा थरथरता आवाज गाण्यात मिसळतो, त्यातूनही शिकायला मिळतं. कॅथलिक असाल तर मिस्सा आणि पापनिवेदन आहेच. आठवड्यात घरोघरी होणारी प्रार्थना सभा असेल तर तिथे जा, आणि पहिले काही आठवडे नुसतं ऐका.

एक वडीलधारं माणूस शोधा. बाईने बाई, पुरुषाने पुरुष शोधलेला बरा. फार बोलणारं नको. ज्याच्या घरची माणसं त्याच्याविषयी चांगलं बोलतात असं हवं. पंधरवड्यातून एकदा भेटा, वहीतलं हवं तेवढंच सांगा.

आता सावधगिरीचं सांगतो, कारण नवी माणसं यातच पोळतात. 'देवाने मला तुझ्याबद्दल सांगितलं' असं म्हणून तुमची नोकरी, लग्न, शिक्षण ठरवू पाहणाऱ्यापासून दूर राहा. प्रार्थनेचे पैसे मागणाऱ्यापासूनही. घरच्यांशी संबंध तोडायला लावणाऱ्याशी आधी संबंध तोडा. आणि औषधं बंद करायला सांगणाऱ्याचं तर मुळीच ऐकू नका, मग तो कितीही मोठ्या मंचावर उभा असो. आमच्या ओळखीतल्या एका बाईंनी कुणाच्या तरी सांगण्यावरून मधुमेहाच्या गोळ्या सोडल्या आणि पाय गमावला. शुभवर्तमान लिहिणाऱ्या लूकाला पौल 'प्रिय वैद्य' म्हणतो (कलस्सै ४:१४). ज्याच्या हातून आपल्याला उधळ्या पुत्राची गोष्ट मिळाली, तो वैद्य होता. मन दिवसेंदिवस काळवंडत असेल, झोप उडाली असेल, जगणं नको वाटत असेल, तर पाळकसाहेबांना सांगा आणि डॉक्टरांकडेही जा. प्रार्थना दोन्हीकडे सोबत येते.

सातवी पायरी : गुपचूप

मत्तयाच्या सहाव्या अध्यायात दान, प्रार्थना आणि उपवास या तिन्हींबद्दल येशूचं सांगणं एकच : गुप्तपणे. म्हणून मिळकतीतला ठरावीक वाटा बाजूला काढा; दशांश जमला तर दशांश, नाही तर जमेल तेवढा, पण पगार झाल्याच्या दिवशी. आठवड्यातून एक काम असं करा की जे कुणाला कळणार नाही. व्हॉट्सॲपच्या स्टेटसवर उपवासाचा फोटो टाकू नका. एवढंच.

आणि खंड पडला तर

पडेलच. घरात लग्न निघेल, परीक्षा येईल, आजारपण येईल, किंवा काहीही कारण नसताना वही तीन आठवडे उघडली जाणार नाही. मग लाज वाटते, आणि लाजेमुळे आणखी तीन आठवडे जातात. माझ्या अनुभवात माणसं पापापेक्षा या लाजेमुळेच जास्त मागे राहतात.

वेळ लागतो, हे आपल्याच मराठी माणसांकडून ऐका. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ साली इंग्लंडात झाला. पुढे आपल्या साक्षीत त्यांनीच लिहिलं की मला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळाला नव्हता. तो भेटायला आणखी आठेक वर्षं गेली. ज्या बाईने दुष्काळातल्या मुलींना केडगावला आणून सांभाळलं आणि उतारवयापर्यंत हिब्रू-ग्रीकवरून मराठी बायबल करण्यात स्वतःला झिजवलं, तिची ही कबुली आहे. लक्ष्मीबाई टिळकांनी नवऱ्याच्या बाप्तिस्म्यानंतर पाच वर्षं घेतली. सोवळ्याओवळ्याचं जग त्यांच्या हातून एका रात्रीत सुटलं नाही. त्या आपल्या पावलांनी, आपल्या वेळेने आल्या, १९०० साली.

आणि पेत्र. योहानाच्या शुभवर्तमानात दोनच ठिकाणी कोळशांचा विस्तव आहे. एक महायाजकाच्या वाड्यात. थंडी असते, पेत्र शेकत उभा असतो, आणि तिथे तो येशूला ओळखत नाही असं सांगतो. एकदा, दोनदा, तीनदा. दुसरा विस्तव तिबिर्याच्या समुद्रकाठी. पुनरुत्थान झालेल्या येशूने तो पेटवलेला आहे, वर मासे आणि भाकर. न्याहारी होते. मग तो पेत्राला विचारतो, माझ्यावर प्रीती करतोस का? एकदा, दोनदा, तीनदा. विस्तवाच्या त्याच वासात. खुलासा मागितला नाही, शपथ घ्यायला लावली नाही. मेंढरं सोपवली, आणि म्हणाला, माझ्यामागे ये.

म्हणून खंड पडला की राहिलेले दिवस भरून काढू नका. पाच अध्याय एकदम वाचून बरोबरी साधू नका. आजची तारीख टाका, पुस्तकातली खुणेची फीत जिथे आहे तिथून अर्धा अध्याय वाचा, एक ओळ लिहा. रिकामी पानं रिकामीच राहू द्या.

मार्क संपत आला की सोळाव्या अध्यायाच्या आठव्या वचनापाशी थांबा. सर्वांत जुन्या हस्तलिखितांत हे शुभवर्तमान तिथेच संपतं : स्त्रिया कबरेपासून पळतात, कापत, घाबरून, कुणाला काही न सांगता. त्याआधी पांढऱ्या झग्यातला तरुण त्यांना निरोप देतो की त्याच्या शिष्यांना आणि पेत्राला सांगा, तो तुमच्यापुढे गालीलात जात आहे. 'आणि पेत्राला' हे वेगळं सांगणं फक्त मार्कातच आहे. वहीत त्याच्याखाली रेघ ओढा. मग गालील कुठे येतं ते शोधा. पहिल्या अध्यायात, सोळाव्या वचनात : किनारा, जाळी, दोन भाऊ. पानं मागे उलटा आणि तिथून पुन्हा वाचायला घ्या.